ज्यानं बंद केलं त्यानंच

आनंदाआप्पा कधी कुणाचा चहा प्यायला नाही. सुरतच्या नवागामात आमच्या समाजात हे त्याचं मोठेपण म्हणून सांगतात, आणि ते खोटं नाही. पंचांची बैठक असली की भांडणातल्या दोन्ही बाजू चहा-भजी आणून घालायच्या. बाकीचे चार पंच ओरपायचे आणि आप्पा घरून आणलेली पाण्याची बाटली शेजारी ठेवून ताठ बसायचा. तोंडावर मी त्याला आप्पा, तुम्ही, असंच म्हणत आले. इथं मात्र अरे-तुरे करणार आहे. मनात मी त्याच्याशी नेहमी तसंच बोलत होते.

मी लीला. नवागामात माझी खानावळ आहे. लूमवर बारा-बारा तास उभी राहणारी माणसं माझ्याकडे जेवतात, त्यांतली निम्मी आमच्या खानदेशातली. आप्पाची खोली माझ्या स्वयंपाकघराला लागून. मधे एक विटेची भिंत, त्यामुळे त्या घरात भांडं पडलं तरी मला कळायचं.

आप्पा बीम जोडायचा. लूमवरचा उभ्या धाग्यांचा ताणा संपत आला की जुन्या धाग्याच्या टोकाला नव्या बीमच्या रुळावरचा धागा गाठ मारून जोडावा लागतो. असे हजारो धागे, एकेक करून, मान खाली घालून. एक धागा चुकला तर पुढचं सगळं कापड डागी निघतं. हे काम करून करून त्याचं डोकंही तसंच झालं, असं लोक म्हणायचे. मला ते पटत नाही. बीम जोडणारे कितीतरी जण या गल्ल्यांत आहेत, ते बायकापोरांत हसतात-खेळतात. आप्पाला नाद होता तो कोर्टाचा. सुटीच्या दिवशी लोक पिक्चरला जायचे, डुमसच्या समुद्रावर जायचे. हा धुतलेला शर्ट घालून अठवालाईन्सच्या कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसायचा. केस कुणाची, कशाची, ते त्याला ठाऊकही नसायचं. दिवसभर वकिलांचं ऐकायचा आणि संध्याकाळी बायकोला सांगायचा, की आज एक माणूस खोटारडा आहे हे सगळ्यांना दिसत होतं, तरी सुटला, कारण त्याच्या वकिलाचा मुद्दा बरोबर होता. हे सांगताना त्याचा आवाज खुलायचा. शांताबाई, म्हणजे त्याची बायको, विचारायची, "मंग ज्यानं नुकसान व्हयनं, त्यानं काय?"

"तो येगळा प्रश्न शे," आप्पा म्हणायचा.

असा माणूस समाजानं पंच केला नसता तरच नवल. मुद्दा फारसा कुणाला कळायचा नाही, पण जो चहासुद्धा घेत नाही तो चुकीचं कशाला बोलेल, असं लोकांनी धरून टाकलं होतं. त्याचा सगळा दरारा त्या न प्यायलेल्या चहात होता.

महाराष्ट्रात माणसाला वाळीत टाकणं गुन्हा ठरलं, तेव्हा नंदुरबार-साक्रीकडच्या आमच्या समाजाचे पंच घाबरले. आप्पानं तोड काढली. बैठकीत तो अहिराणी बोलत नसे, पुस्तकातलं मराठी बोलायचा. म्हणाला, "तो कायदा महाराष्ट्राचा. सुरत गुजरातेत आहे. निर्णय इथं घ्यायचा. दंड घ्यायचा नाही, ती खंडणी होते. हात उचलायचा नाही, ती मारहाण होते. आपण काहीच करायचं नाही. फक्त बोलायचं नाही, जेवायचं नाही, पाणी घ्यायचं नाही. न बोलणं इथल्या कुठल्या कायद्यात गुन्हा आहे, मला दाखवा."

तेव्हापासून तिकडच्या लोकांना आपलं एखादं माणूस बंद करायचं झालं, की ते सकाळच्या गाडीनं उधन्याला उतरायचे. डिंडोलीत समाजाच्या वाडीत, म्हणजे कार्यालयात, बैठक व्हायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. सहलीला आल्यासारखे यायचे मेले. त्यांचं जेवण माझ्याकडून जायचं, म्हणून मला माहीत आहे. माणूस बंद करून उठलेल्यांना भूक फार लागते.

बंद म्हणजे रोटी, पाणी, विस्तव आणि माती. त्या माणसाच्या हातचं घ्यायचं नाही, त्याला द्यायचं नाही, मेला तर खांद्याला जायचं नाही. जो हे मोडेल तोही बंद. बंदी उठवायची रीत एकच. ज्या पंचानं तोंडानं बंद केलं त्यानंच सगळ्यांसमोर "घेतलं" म्हणायचं आणि उजव्या हातानं तांब्यातलं पाणी त्या माणसाच्या ओंजळीत घालायचं. त्यानं ते प्यायलं की तो पुन्हा आपला.

सुंदरा नावाची एक विधवा डिंडोलीत साड्यांना खडे चिकटवायचं काम करायची. तिच्या मुलानं समाजाबाहेरची मुलगी केली म्हणून रामजीबाबांनी, म्हणजे तेव्हाच्या थोरल्या पंचांनी, तिचं घर बंद केलं होतं. पुढं मुलगा बायकोला घेऊन वापीला गेला आणि आईला विचारेनासा झाला. रामजीबाबाही वारले. सुंदरा एकटी उरली. ती बैठकीत आली आणि ओंजळ पुढं केली. पंच विरघळले होते. गणपत, त्यांच्यातला वयानं मोठा, तांब्याकडे वळलासुद्धा.

"थांबा," आप्पा म्हणाला. "ज्यानं बंद केलं त्यानंच उठवायचं, ही रीत आहे. रामजीबाबा नाहीत. आज मी पाणी घातलं तर उद्या कुणाचीही बंदी कुणीही उठवेल. मग बंदीला अर्थ काय राहिला? बाईची मला दया येते. पण दया हे कारण होऊ शकत नाही."

गणपतनं तांब्या खाली ठेवला. कुणाला उत्तर सुचेना. सुंदरानं हात सोडले आणि कोरडेच हात पदराला पुसले. आम्ही बायका वाडीच्या जिन्यात उभ्या राहून ऐकत होतो. शांताबाई माझ्या कानाशी म्हणाली, "उत्तर नही सापडनं, म्हनीसन खरं व्हई गयं का?" मला तेव्हा ते नीटसं कळलं नाही. सुंदरा पुढच्या उन्हाळ्यात गेली. समाजाचं कुणी खांद्याला गेलं नाही. महापालिकेची गाडी आली आणि घेऊन गेली.

आप्पाला एकच मुलगी, ज्योती. नंदुरबारला दिली होती, समाजातच, घर आप्पानं स्वतः बघून. नवरा मारायचा. ती पंचांकडे न येता सरळ पोलिसांत गेली. समाजाचा नेम असा, की आधी पंच, मग सरकार. सासरची माणसं सकाळच्या गाडीनं उतरली.

गणपत भला माणूस. तो म्हणाला, "आप्पा, पोर तुमची आहे. तुम्ही बाजूला बसा. कोर्टातसुद्धा जज आपल्या नात्यातली केस चालवत नाही, तुम्हीच सांगता."

दार उघडून दिलं होतं बिचाऱ्यानं. नुसतं उठून जायचं होतं.

"आपल्या रीतीत तसं नाही," आप्पा म्हणाला. "आणि बाजूला त्यानं बसावं, ज्याचा तोल जातो."

म्हणजे हवं तिथं कोर्ट आणि नको तिथं रीत. हजार धागे बिनचूक जोडणाऱ्याला ही एक गाठ दिसली नाही? दिसली असणार. पण समोर बसलेल्यांचे ते डोळे, मुलीलासुद्धा सोडत नाही म्हणून बघणारे, त्याला चहाहून गोड लागले. ज्याला कुणाचा चहा चालत नव्हता तो ही वाहवा मात्र गटागटा पीत होता, आणि तिला कुणी लाच म्हणत नव्हतं. त्यानं ज्योतीला बंद केलं. आवाज हललाही नाही. त्या दिवशी वाडीत दोन माणसं त्याच्या पाया पडली. मला शिसारी आली.

ज्योती नवऱ्याचं घर सोडून नंदुरबारलाच खोली करून राहिली. आईला भेटायचं तर घरी येता येत नव्हतं. एकदा शांताबाई भाजी आणते म्हणून गेली ती उधना स्टेशनवर. मायलेकी फलाटावरच्या बाकावर बसल्या. ऊन मरणाचं होतं. ज्योतीनं पाणी मागितलं, शांताबाईनं आपली बाटली दिली, आणि पोरीनं पिऊन परत दिलेल्या त्याच बाटलीला स्वतः तोंड लावलं. सासरकडचा एक माणूस गाडीसाठी आला होता, त्यानं ते पाहिलं.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मी पीठ मळत होते आणि भिंतीपलीकडून आप्पाचा आवाज येत होता. घरात तो अहिराणीच बोलायचा.

"साक्षीदार एकच शे. एकना शब्दवर मी आजपावत कोनलेच बंद कयं नही. तू फक्त चूप ऱ्हाय. हा बी नको म्हनू, नही बी नको म्हनू. चूप ऱ्हाय, बस."

त्या आवाजात विनवणी होती. आप्पाच्या तोंडून मी ती त्या एकदाच ऐकली. बायकोवर त्याचं प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. होतं. फक्त ते नियमातल्या फटीतून जेवढं मावेल तेवढंच बाहेर येत होतं.

"इचारं तं सांगसू," शांताबाई म्हणाली.

बैठकीत विचारणं भागच होतं. त्यानं विचारलं.

"दिधं," ती म्हणाली. "पोरनी पानी मांगं, मी दिधं."

गणपत हळूच म्हणाला, "वहिनी, चुकलं म्हणा. ओंजळ करा. आप्पा आत्ताच पाणी घालतील, इथल्या इथं मिटेल."

आप्पानं तांब्याकडे हातही नेला होता, मी पाहिलं. शांताबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. आप्पानं हात मागे घेतला आणि तिला बंद केलं.

आता घराचं काय? बंद बाईच्या हातचं खाल्लं तर तोही बंद. ज्योतीच्या सासरचे म्हणत होते, तिला बाहेर काढा. आप्पानं तिथंही मुद्दा काढला, की बंदी माणसावर असते, छपरावर नसते. एकाच खोलीत दोन शेगड्या आल्या, दोन माठ आले, मधे लोखंडी कपाट आडवं लागलं. तो माझ्याकडचा डबा खाऊ लागला. दोन्ही वेळ मीच नेऊन द्यायचे. तो भिंतीकडे तोंड करून जेवायचा, ती दाराकडे. मला वाटायचं त्याच्या भाजीत मूठभर मीठ घालावं. एकदा घातलं. तो मुकाट्यानं सगळं जेवला आणि डबा धुऊन परत दिला.

मग एक दिवस खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, बीमवर वाकलेला असतानाच आप्पा कोसळला. लकवा. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डोकं शाबूत होतं, ते डोळ्यांवरून कळायचं. मान हलायची, हो किंवा नाही, तेवढंच.

सिव्हिलमधून त्याला घरी आणलं. चमच्याचमच्यानं पाणी पाजावं लागे, दिवसभर. सुरुवातीला समाजातल्या बायका पाळीनं आल्या. आप्पासाठी काय वाटेल ते करू म्हणत होत्या. मग कुणाची लूमची पाळी निघाली, कुणाचं गावाला लग्न निघालं. उरले मी, सकाळी आणि संध्याकाळी. मधला सगळा वेळ पत्र्याच्या त्या तापलेल्या खोलीत तो कोरडा पडून असायचा, आणि चार हातांवर शांताबाईचा माठ भरलेला.

शांताबाई त्याची घाण काढायची. अंग पुसायची, कूस वळवायची, चादरी धुवायची. बंदीत रोटी, पाणी, विस्तव आणि माती येते, गू-मूत येत नाही. त्याच्याच नेमानं ते चालत होतं. लोकांसमोर बोलत नसले तरी मी तिला म्हटलं, "अगं पाज ना दोन चमचे. कोण बघायला येतंय?"

"मांगू दे," ती म्हणाली. "मन्हाकडे दखीसन मांगू दे. मान तं हालस ना त्यासनी."

तो छताकडे बघायचा. तिच्याकडे नाही. मला दोघांचाही संताप यायचा, आणि डबा ठेवून मी निघून यायचे.

पंच भेटायला आले. गणपतच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, वहिनींना परत घेऊ, म्हणजे त्या तरी पाजतील. पण घेणार कोण? ज्यानं बंद केलं त्यानंच. आणि त्याला तोंड नाही, उजवा हात नाही. "रामजीबाबा निदान वारले तरी होते," एक जण म्हणाला. आजाऱ्याच्या उशाशी बसून चौघांचा काथ्याकूट सुरू झाला. तहानेनं ओठ फुटलेला माणूस मधे, आणि तो कुणाच्या हातचं पाणी पिऊ शकेल यावर हे डोकी लढवताहेत. लढवता लढवता आपापल्या बाटलीतलं पाणी पिताहेत. त्यातलं घोटभर त्याच्या तोंडात घालावं, हे एकालाही सुचलं नाही. चर्चा तहानेची नव्हती ना.

शेवटी गणपत म्हणाला, "आप्पा, नुसती मान हलवा. तांब्या डाव्या हाताला लावू, हात आम्ही धरतो. तुम्ही 'घेतलं' म्हणालात असं आम्ही समजून घेऊ."

आप्पानं मान हलवली. डावीकडे, मग उजवीकडे. नाही. समजून घेणं रीतीत बसत नव्हतं.

पंच गहिवरले. असा माणूस पुन्हा होणे नाही म्हणत बाहेर पडले. शांताबाई दाराशी उभी होती, तिनं सगळं पाहिलं. बायको परत मिळत होती, पाणी मिळत होतं, आणि त्या मेल्याला अजून वाहवाच हवी होती.

त्यानंतर एका दुपारी वीज गेली. पंखा थांबला, पत्रा भाजायला लागला. मी भांडी आवरत होते तेव्हा भिंतीवर थाप पडली. "लीला, ये. मंगलाबाईले बी लई ये." मंगलाबाई म्हणजे गणपतची बायको, समोरच राहते. आम्ही दोघी धावत गेलो. मला वाटलं, आटोपलं.

आप्पा कपाटाच्या बाजूनं शांताबाईच्या माठाकडे बघत होता. मग त्यानं तिच्याकडे बघितलं. सरळ, तिच्या डोळ्यांत.

शांताबाईनं पेला भरला आणि त्याच्याजवळ येऊन बसली. "जवळ या," ती आम्हांला म्हणाली. "दोन साक्षीदार लागतस. नीट दखा." मग त्याला विचारलं, "पाहिजे?"

मान हलली. खाली, वर.

"मन्हा हातनं?"

पुन्हा हलली, घाईघाईनं. तेव्हा तिनं चमचा लावला. तो असा प्यायला की घशातून आवाज येत होता, निम्मं पाणी मानेवरून उशीत जात होतं. मंगलाबाई हमसून रडायला लागली. तिला वाटलं नवरा-बायको एक झाले. मी शांताबाईचं तोंड बघत होते. त्यावर तसं काही नव्हतं.

मंगलाबाईनं आनंदानं घरी सांगितलं. झालं. एक साक्षीदार झाली. बैठक बसली आणि मला बोलावलं. पाहिलं का, म्हणून विचारलं. पाहिलं, मी म्हणाले. खोटं बोलून त्याला वाचवता आलं असतं. मला वाचवायचा नव्हता. गणपतनं मान खाली घालून आनंदाआप्पाला बंद केलं. मुद्दा बरोबर होता, कुणालाच उत्तर सापडलं नाही. त्याचा डबा बंद करा, असं मला सांगितलं. मी म्हटलं, तो कधीच बंद झाला, आता आप्पा बायकोच्या हातचं खातो.

त्याला आता वर्ष होत आलं. ज्योतीही आता तिथंच राहते, पर्वत पाटिया भागात साड्यांच्या दुकानात घड्या घालायला जाते. कपाट पुन्हा भिंतीला गेलं. खोलीत एक शेगडी, एक माठ. लोक बोलत नसले तरी आपसांत म्हणतात, की चला, घर तरी एक झालं. त्यांना मधली भिंत नाही, मला आहे.

दर पेल्याआधी शांताबाई त्याला विचारते. "सुंदराले पानी पाजनं व्हतं का नही?" मान हलेपर्यंत थांबते. "पोरले बंद कयं, ते चुकनं का नही?" पुन्हा थांबते. मग पाणी. दर वेळी हेच. ती ओरडत नाही, हात उगारत नाही. पेला हातात धरून नुसती बसून राहते. एकदा ज्योती रडकुंडीला येऊन म्हणाली, "आई, आता बस कर ना." शांताबाईनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

न राहवून मीही एकदा बोलले. "शांताबाई, तहानलेल्या माणसाकडून घेतलेला हो कुठल्याच न्यायात धरत नाहीत. काहीही विचारलंस तरी तो हो म्हणेल."

ती पेला विसळत होती. "माले माहीत शे," ती म्हणाली. "आठे न्याय कोन करी ऱ्हायनं?"

तिनं पेला भरला आणि त्याच्याजवळ जाऊन बसली. आप्पा तिच्या हाताकडे बघत होता. तिनं अजून तोंडही उघडलं नव्हतं, आणि त्याची मान हलायला लागली होती. हो, हो, हो.